पाळणा न हलणारी वसाहत

शाळेच्या तपासणीस आलेल्या एका तरुण अधिकाऱ्यांनी मागे आम्हांस सहज विचारले, "साहेब, तमे मूळ क्यांना?" आमचे पणजोबा श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोद्यास आले. आमचे शिक्षण, नोकरी, संसार सारे याच शहरी झाले. तरी उत्तर देताना आम्ही क्षणभर अडखळलोच. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आमच्या वाचकांत या प्रश्नाशी गाठ न पडलेले घर विरळाच असेल. म्हणूनच मेक्सिकोतील एका सरोवराकाठी येऊन राहिलेल्या परदेशी मंडळींविषयी वाचताना आमचे कुतूहल चाळवले. परक्या ठिकाणी घर करणाऱ्यांचे पुढे काय होते, हे आपल्याइतके कोणास जाणून घ्यावेसे वाटणार?

सरोवराचे नाव चापाला. हालिस्को राज्याची राजधानी ग्वादालाहारा हिच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर हे मेक्सिकोतील सर्वांत मोठे सरोवर पसरले आहे. अक्षांश आपल्या नाशिकचाच. पण उंची सुमारे १५०० मीटर असल्याने उन्हाळा भाजत नाही आणि थंडी बोचत नाही. उत्तर काठावर चापाला, आहिहिक, होकोतेपेक अशी गावे ओळीने आहेत. (आहिहिक हे नाव रोमन लिपीत वाचणारा आपल्यातला कोणीही 'अजिजिक' म्हणेल. आम्हीही कित्येक दिवस तसेच म्हणत होतो.)

सरोवराची लांबी ८० किलोमीटरच्या घरात, पण सरासरी खोली जेमतेम चार-पाच मीटर. त्यामुळे पाणी थोडे उतरले तरी काठ दूर पळतो. पूर्वेकडून येणारी लेर्मा नदी ते भरते. परंतु वाटेतील धरणे आणि शेती तिला आधीच शोषून घेतात, आणि ग्वादालाहारा शहराची तहानही याच सरोवरावर भागते. विसाव्या शतकाच्या आरंभी बांध घालून पूर्वेकडचा हजारो हेक्टरांचा भाग कोरडा करून शेतीस लावला, तेव्हापासूनच त्याचा संकोच सुरू झाला होता. १९५५च्या सुमारास आणि पुन्हा २००१-०२ मध्ये पाणी इतके आटले की धक्क्यापासून काठापर्यंत चालत जावे लागे. २००३पासूनच्या चांगल्या पावसाने ते सावरले, आणि २००४ साली लेर्मा खोऱ्यातील पाच राज्यांनी पाणीवाटपाचा करार केला. कावेरी आणि नर्मदेचे तंटे वाचत मोठे झालेल्या आपणांस त्या कराराची किंमत वेगळी सांगायला नको.

या काठाचे मूळ रहिवासी कोका जमातीचे. त्यांच्या इतिहासातील एक प्रकरण आम्हांस विशेष भावले. स्पेनविरुद्ध बंड पेटलेले असताना १८१२च्या अखेरीस येथील गावकऱ्यांनी सरोवरातील मेस्काला बेटाचा आश्रय घेतला आणि स्पॅनिश सैन्यास सुमारे चार वर्षे दाद दिली नाही. अखेर उपासमार व रोगराई यांपुढे त्यांचा नाइलाज झाला. तरीही १८१६ साली शरणागती झाली ती सन्मानाच्या अटींवर. माफी मिळाली, गावी परतून शेती करण्याची मुभा मिळाली. त्यांच्या नेत्यांपैकी मार्कोस कास्तेयानोस हे धर्मगुरू होते. आहिहिकमधील एका रस्त्यास आज त्यांचे नाव आहे. त्या रस्त्याने रोज बाजारास जाणाऱ्या किती परदेशी निवृत्तांना हा इतिहास ठाऊक असेल, असा विचार मनात येतो. पण आपल्या गल्लीचे नाव ज्यांच्यावरून पडले ते गृहस्थ कोण, हे आम्हांस तरी कुठे सांगता येते?

बाहेरच्यांचा ओघ सुरू झाला तो हवापालटासाठी. राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ईस्टरच्या सुट्टीस चापालास येत, तेव्हा प्रतिष्ठितांचे बंगले काठावर उठले. १९२० साली रेल्वे आली आणि १९२६ साली बंदही पडली. तिचे देखणे स्थानक आता सांस्कृतिक केंद्र आहे. १९२३च्या उन्हाळ्यात इंग्रज कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स यांनी येथे राहून 'द प्लूम्ड सर्पंट'चा पहिला खर्डा लिहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतले व कॅनडातले निवृत्त लोक येऊ लागले. मायदेशी अपुरे पडणारे निवृत्तिवेतन येथे पुरते. मात्र अमेरिकन सरकारचा वृद्धांसाठीचा आरोग्यविमा देशाबाहेरील उपचारांस सहसा लागू होत नाही. दुखणे मोठे निघाले की सरहद्दीपलीकडे धाव घ्यावी लागते.

आज ही मंडळी हजारोंनी आहेत. त्यांच्यामुळे गवंडी, माळी, परिचारिका यांना काम मिळाले. त्याचबरोबर जमिनीचे आणि भाड्याचे दर असे चढले की कोळ्याच्या मुलाला स्वतःच्या गावात घर घेणे अवघड झाले. मेक्सिकोच्या राज्यघटनेचे ३३वे कलम परदेशी नागरिकांस राजकारणात भाग घेण्यास मनाई करते. तेव्हा नगरपालिकेच्या कारभाराविषयी बोलतानाही त्यांना जपून बोलावे लागते. आणि स्पॅनिश न शिकताही त्यांचे दिवस सुखात जातात. दुकानदारच इंग्रजी शिकतो! आमची आजी मंडईत भाजीवालीशी अस्खलित गुजरातीत भांडत असे, ती काही शाळेत शिकून नव्हे. ते न केले तर भाजी महाग पडे, म्हणून.

परंतु आपल्यात आणि त्यांच्यात खरा भेद याहून खोल आहे. आपले पूर्वज तरुणपणी आले. त्यांच्या घरी पाळणे हलले, मुले शेजाऱ्यांच्या मुलांत खेळली, आणि परकी भाषा नातवंडांच्या तोंडून घरात शिरली. चापालाचे निवृत्त लोक येतात ते मुले-नातवंडे मागे ठेवून. तेथे दुसरी पिढी नाही. एक गेला की त्याच्या जागी दुसरा म्हाताराच येतो. सत्तर वर्षे झाली तरी वसाहत जणू काल आलेली.

या संदर्भात नील जेम्स या बाईंचे काम आम्हांस मोलाचे वाटते. त्या अमेरिकन प्रवासलेखिका. मेक्सिकोत ज्वालामुखीवर जखमी झाल्यावर १९४३ साली विश्रांतीसाठी आहिहिकला आल्या आणि तेथेच राहिल्या. त्यांनी गावच्या बायकांना भरतकामाचा रोजगार दिला, तुती लावून रेशीमकिडे पाळून पाहिले, मुलांसाठी वाचनालय काढले आणि पुस्तके वाचणाऱ्या मुलांच्या हाती रंग व कागद दिले. त्या मुलांतली काही पुढे नावाजलेले चित्रकार झाली. १९५५ साली स्थापन झालेल्या परदेशीयांच्या 'लेक चापाला सोसायटी'स बाईंनी आपले घर व बाग देऊन टाकली. १९९४ साली त्या वारल्या, तेव्हा शंभरीस काही महिनेच कमी होते.

त्या बागेत आज सोसायटीचे इंग्रजी पुस्तकांचे ग्रंथालय आहे, आणि मुलांचा चित्रकलेचा वर्गही सोसायटीने पुढे चालू ठेवला. लहानपणी त्या वर्गात बसलेले काहीजण मोठेपणी तेथे शिकवायला आले. शिकवणे अर्थातच स्पॅनिशमध्ये.