ज्योतीच्या वाट्याची हवा

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना चौकटी असतात, कवाडं नसतात. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा त्याची बातमी देशभर गेली. बाहेरगावचा माणूस तिथं गेला की पहिला प्रश्न चोरीचा विचारतो. मला मात्र त्या चौकटींतून अडथळ्यावाचून काय आत येतं, हे जास्त मोलाचं वाटतं. आत हवा येते. ही प्रथा श्रद्धेतून आली आहे, ती श्रद्धेचीच राहू द्यावी. तिच्यात प्राचीन वायुशास्त्र शोधायची गरज नाही. पण चौकटीतून फुकट येणारी ही हवा आपण बाकीचे लोक आपापल्या बाथरूममध्ये किती कसोशीनं अडवतो, हे बघायलाच हवं.

थंडी पडली की पुणे, मुंबई, नाशिककडून एकाच प्रकारच्या बातम्या येतात: आंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर आलं नाही, दार तोडलं, आत गॅस गीझर सुरू होता. बातमीत ‘गॅसगळती’ हा शब्द हमखास असतो. पण अशा बहुतेक घटनांत गॅस गळलेला नसतो, जळालेला असतो, आणि तोही अर्धवट.

हिशेब साधा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम एलपीजी जाळतो. तो पुरता जळायला साधारण २०० लिटर हवा लागते. सहा फूट लांब, चार फूट रुंद, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच हजार लिटर. दार-खिडकी घट्ट लावलेली असेल, तर पाच मिनिटांत ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १७ टक्क्यांच्या आसपास उतरतं. निळी ज्योत पिवळी पडू लागते, आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, आणि ज्योतीत तोही जळून जातो. त्यामुळे नाकाला काहीच कळत नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन ही एसटी समजा, तर ऑक्सिजन हा शहाणा प्रवासी. फुप्फुसात चढतो, ऊतींच्या थांब्यावर उतरतो. कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनशी ओढ ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त. तो रुमाल टाकून आसन धरतो आणि तासन् तास उठत नाही. त्याहून वाईट म्हणजे, उरलेल्या आसनांवरचा ऑक्सिजनही मग थांब्यावर सहजी उतरेनासा होतो.

हे ज्यानं स्वतःच्या देहावर तपासून पाहिलं, त्या जॉन स्कॉट हॉल्डेनचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. १९५७ मध्ये भारतात येऊन इथलेच झालेले जे. बी. एस. हॉल्डेन आपल्याला माहीत असतात. हा त्यांचा बाप. १८९५ च्या सुमारास तो हा वायू हुंगत बसे आणि मधूनमधून स्वतःच्या रक्ताचा थेंब काढून, तो पाण्यात विरवून, त्याचा रंग प्रमाण-रंगाशी ताडून बघे. रक्तातलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन अडकेपर्यंत त्यानं हे केलं. त्याचा उंदराचा प्रयोग तर मला फारच आवडतो. एरवी जीव घेणाऱ्या मात्रेत उंदीर ठेवला, पण सोबत दुप्पट वातावरणदाबाचा ऑक्सिजन दिला. उंदीर जगला. म्हणजे हा वायू स्वतः विष म्हणून मारत नव्हता, ऑक्सिजनची वाहतूक रोखून मारत होता. १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत स्फोट झाला. मृतदेह तपासून हॉल्डेननं दाखवून दिलं, की बहुतेक कामगार स्फोटाच्या दणक्यानं नव्हे, या वायूनं गेले होते. खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत त्याच्याच सल्ल्यातून रुळली.

आता बाथरूमकडे. ‘आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पंखा हवा बाहेर फेकतो, पण बाहेरून आत यायला वाटच नसेल तर खोलीतला दाब उतरतो. मग गीझरला धुराची नळी असली तरी त्या नळीतून जळका वायू उलटा आत खेचला जाऊ शकतो. म्हणून वाटा दोन हव्यात: खाली ताज्या हवेला, वर तापलेल्या धुराला. नगर-मराठवाड्यातल्या माळवदी घरांत चुलीच्या वर धुरासाठी साणं ठेवत. आपण मात्र डास आणि गारठा नको म्हणून झरोक्याला काच बसवली, दाराखालची फटसुद्धा बुजवली.

सगळ्यांत चांगली सोय म्हणजे बंदिस्त ज्वलनकक्षाचा गीझर. त्याच्या नळीत नळी असते. बाहेरच्या नळीतून मोकळी हवा थेट ज्योतीपाशी येते, आतल्या नळीतून धूर निघून जातो, आणि खोलीतल्या हवेला हात लागत नाही. तो परवडत नसेल तर साधा गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या जागी लावावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यावी. प्लंबरला दोन तासांचं काम आहे. ऑक्सिजन कमी झाल्यावर गीझर आपोआप बंद करणारा सेन्सर जाहिरातीत ठळक असतो. तो असावा, पण त्याच्या भरवशावर झरोका बुजवू नये.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटपटले, तर नळ बंद करून लगेच मोकळ्यावर या. कोविडपासून घरोघरी असलेला ऑक्सिमीटर तेव्हा ९८ दाखवेल. त्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडनं अडवलेलं हिमोग्लोबिनही लालच असतं, आणि त्या यंत्राला फरक कळत नाही. दवाखाना गाठा, गॅस गीझर सुरू होता हे डॉक्टरांना आधी सांगा. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.