कुत्र्या-मांजराचे वैर : समज आणि उपाय

संस्कृतच्या तासाला समास शिकताना एक मोठा गमतीचा नियम भेटतो. ज्यांचे वैर शाश्वत आहे अशा प्राण्यांची नावे जोडून द्वंद्व समास केला, तर तो एकवचनी होतो, असे पाणिनीने सांगून ठेवले आहे. 'अहिनकुलम्', 'मार्जारमूषकम्' ही त्याची परंपरेने चालत आलेली उदाहरणे. साप-मुंगूस काय किंवा मांजर-उंदीर काय, एरवी एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत. पण व्याकरणाने त्यांना एकाच वचनात नांदायला लावले! मराठीत आपण याच चालीवर 'कुत्र्या-मांजराचे वैर' म्हणतो. एखादे वैर शाश्वत आहे असे एकदा म्हटले, की त्यावर विचार करण्याची गरजच उरत नाही. कुत्रा मांजराला मारणारच, त्यात नवल ते काय? प्रस्तुत लेखात मला या 'मारणारच'चा थोडा विचार करावयाचा आहे.

विषय सुचला तो आमच्या आळीत घडलेल्या प्रकारावरून. शेजारच्या एका घरात 'टायगर' नावाचा कुत्रा आहे. लांब पायांचा, बारीक कंबरेचा, कारवानी रक्ताचा वाटावा असा. दिवसभर तो मागच्या अंगणात साखळीला असे आणि रात्रीची जेवणे झाली की मोकळा सुटे. चार महिन्यांत त्याने आळीतली दोन पाळलेली मांजरे मारली. तिसरी आमची मनी. ती पाठीवर जखमा घेऊन कशीबशी पडवीच्या आढ्यावर चढली म्हणून वाचली. त्यानंतर आळीत दोन पक्ष पडले. एक म्हणे, "जनावराची जातच ती, तुमची मांजरे घरात ठेवा." दुसरा म्हणे, "भाकरीच्या तुकड्यात काहीतरी घालून एकदा निकाल लावून टाका." हा दुसरा पक्ष नुसता बोलत नव्हता, औषध कोणत्या दुकानात मिळेल इथपर्यंत चर्चा गेली होती. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. आपल्याच क्रमिक पुस्तकांत या भांडणाची पुष्कळशी उकल आहे, हे मला त्या दिवसांत कळले.

प्रथमतः हे लक्षात घ्यावयास हवे की मांजरावर धावून जाणारा कुत्रा बहुधा रागावलेला नसतो. स्विस शास्त्रज्ञ हेस याने मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाला सूक्ष्म विद्युतप्रवाह देऊन मांजरांत संतापाची सगळी लक्षणे उत्पन्न करून दाखविली. या प्रकारच्या संशोधनाबद्दल त्याला १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९६२ साली अमेरिकेत वासमन व फ्लिन या दोघांनी दाखविले की मेंदूतून उत्पन्न होणारा हल्ला दोन तऱ्हांचा असतो. एकात केस पिंजारतात, फिस्कारणे असते, आरडाओरडा असतो. दुसऱ्यात यांपैकी जवळजवळ काही नसते; प्राणी शांतपणे दबकत जातो आणि चावतो. पहिला संताप, दुसरी शिकार. टायगरचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, नेहमी सांगत, "आमचा टायगर लहान पोरांच्या अंगावरसुद्धा कधी जात नाही हो!" काकांचे म्हणणे खरेच होते. पण माणसांशी गोड वागणारा कुत्रा मांजराची शिकार करणार नाही, असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

शिकार ही एकच क्रिया नव्हे, ती एक साखळी आहे. हेरणे, रोखून पाहणे, दबकत जाणे, पाठलाग, पकडणे, ठार करणे, फाडणे आणि खाणे. रेमंड कॉपिंजर या प्राणिशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या जातींचा विचार या कड्यांवरून केला. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून काही कड्या बळकट केल्या, काही ढिल्या केल्या. मेंढ्या वळविणारा कुत्रा रोखून पाहतो, पाठलाग करतो, पण मारत नाही. उंदीर-घुशींसाठी पोसलेला टेरिअर पकडून झटके देतो आणि मारतो. आपल्याकडचे कारवानी व मुधोळचे कुत्रे नजरेने शिकार करणारे. सशाच्या मागे धावण्यासाठीच ते जोपासले गेले. समोरून काही झपकन पळाले की त्यांचे पाय विचारायला थांबत नाहीत. मांजर जागीच उभे राहून फिस्कारले तर पुष्कळ कुत्रे थबकतात. पळाले की पाठलाग सुरू.

मग हा स्वभाव दिवसेंदिवस वाढत का जातो? याचे उत्तर थॉर्नडाइककडे आहे. १८९८ साली त्याने मांजरांना पेटीत कोंडून त्यांची सुटकेची धडपड अभ्यासली. त्यातून पुढे त्याने 'परिणामाचा नियम' मांडला : ज्या कृतीतून समाधान मिळते ती कृती पुन्हा घडते. टायगरला पाठलागातच समाधान होते. मांजर हाती लागो न लागो, धावण्याचा आनंद हेच बक्षीस. आणि दिवसभर साखळीला जखडलेल्या जनावराला ते बक्षीस केवढे मोठे वाटत असेल! रोज रात्री त्याला सोडणे म्हणजे रोज रात्री त्याला हा धडा गिरवायला देणे होते. मांजर मारून तो घरी आला की काका त्याला काठीने झोडपत. पण शिक्षा आणि कृती यांत अर्ध्या तासाचे अंतर पडले की कुत्र्याला त्यांचा संबंध लागत नाही. त्याला कळते ते एवढेच, की घरी परतले की मार बसतो.

'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच' असे आपण म्हणतो. मात्र शाश्वत वैराची जी जोडी व्याकरणात अमर झाली, त्या मार्जार-मूषकांवरच कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने १९३० साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आईला उंदीर मारताना पाहत वाढलेल्या २१ पिलांपैकी १८ पिले उंदीर मारू लागली. एकेकटी वाढविलेल्या २० पैकी ९ पिलांनी उंदीर मारले. आणि उंदराच्या सोबतीत वाढलेल्या १८ पिलांपैकी फक्त ३ पिलांनी. म्हणजे उपजत प्रवृत्ती खोटी नाही, पण संगतही काही कमी नाही. स्कॉट आणि फुलर यांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षे काम करून १९६५ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांतही कुत्र्याच्या पिलाच्या सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याला फार महत्त्व दिले आहे. या काळात त्याला जे सोबती भेटतात ते त्याला आपले वाटतात. पिलू घरी आणायचे आणि शेजारी मांजरे असतील, तर ओळख करून देण्याची वेळ तीच.

पण वाढलेल्या कुत्र्याचे काय? आधी प्रत्यक्ष हल्ल्याच्या क्षणी काय करावे ते सांगते. दोघांच्या मध्ये हात घालू नये. त्या घटकेला कुत्रा व मांजर दोघेही आपल्यालाच फोडून काढतात. बादलीभर पाणी फेकावे, थाळी-परात जोराने वाजवावी, कुत्र्याच्या डोक्यावर गोधडी किंवा चादर टाकावी, फळी मध्ये सरकवावी. मांजर जबड्यात असेल तर ते ओढू नये, जखम फाटत जाते. मांजर सुटले की त्याला टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवावे आणि गुरांच्या दवाखान्यात न्यावे, वरून ओरखडासुद्धा दिसत नसला तरीही. कुत्रा भक्ष्याला धरून झटके देतो. त्यामुळे बाहेर चार बारीक भोके दिसतात, पण आत कातडी मांसापासून सुटलेली असते, आणि दातांची घाण आत राहून पू होतो. मनीच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कदापि देऊ नये. मांजराच्या यकृताला ती पचविता येत नाही. एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. आपल्याला चावा किंवा ओरखडा लागला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीविषयी विचारावे. जखमी मांजराच्या लसीचेही पशुवैद्यांना विचारावे. शांत कुत्रा एकाएकी बदलला असेल, दिसेल त्याला चावत असेल, लाळ गाळत असेल, तर तो शिकारीचा नव्हे, रोगाचा प्रश्न आहे. त्याच्या जवळही जाऊ नये.

मालकाचे काम यानंतर सुरू होते. पहिली गोष्ट म्हणजे नवा पाठलाग घडू न देणे. कुत्रा मोकळा सुटणार नाही, फाटकाला कडी राहील, बाहेर नेताना पट्टा मोठ्या माणसाच्या हातात राहील. गरजेप्रमाणे तोंडाला मुसके बांधावे, पण ते जाळीचे असावे. कुत्रा धापा टाकून अंग थंड ठेवतो. घट्ट पट्टीने तोंड आवळले तर आपल्याकडच्या उन्हात त्याच्या जिवावर बेतेल. दुसरी गोष्ट, त्याला सकाळ-संध्याकाळ भरपूर चालविणे. तिसरी, शिकवण. येथे पुन्हा एका मानसशास्त्रज्ञाची मांजरे मदतीला येतात! जोसेफ वोल्पे याने घाबरलेल्या मांजरांना भीतीच्या जागेपासून दूर खाऊ घालून, रोज थोडेथोडे जवळ आणून त्यांची भीती घालविली आणि १९५८ साली माणसांसाठी एक उपचारपद्धती मांडली. तीच पायरी-पायरीची रीत कुत्र्याला लागू पडते. मांजर दिसते आहे, पण हाक मारली तर कुत्रा अजून मान वळवतो, एवढे अंतर शोधावे. त्याने वळून पाहिले की लगेच आवडीचा तुकडा द्यावा. काही दिवसांनी अंतर दोन पावले कमी करावे. हाक ऐकू येईनाशी झाली, की आपण घाई केली असे समजून मागे जावे. यात महिने जातात. आणि ज्याने एकदा मांजर मारले आहे असा कुत्रा पुढे कितीही शहाणा झाला, तरी त्याला मांजराबरोबर एकटे सोडू नये.

मांजर पाळणाऱ्यांनाही थोडे करता येते. तिन्हीसांजेला मांजर घरात घ्यावे, रात्री बाहेर सोडू नये. अंगणात चढून बसायला उंच फळी असावी, दारा-खिडकीत मांजर जाईल पण कुत्रा जाणार नाही अशी फट असावी. मात्र सगळा भार मांजरावर टाकणे हा न्याय नव्हे.

कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळलेल्या जनावराविषयी हयगय करणे हा गुन्हा आहे, परंतु धोका माणसाला असला पाहिजे. मांजराच्या जिवाची दखल ते कलम घेत नाही. उलट कलम ३२५ प्रमाणे कोणत्याही प्राण्याला विष घालून मारणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडविधानात यासाठी जनावराची किंमत पाहत, दहा रुपयांचे की पन्नासचे. नव्या संहितेत ती अट गेली. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये हिंस्र कुत्रा मुसक्याशिवाय रस्त्यावर मोकळा सोडण्यास मनाई आहे. आणि मला सर्वांत विचार करण्यासारखे वाटले ते १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यातील कलम ११. सदैव साखळीला बांधलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे फिरविले नाही, तर ती क्रूरता होय, असे ते सांगते. म्हणजे आळीची तक्रार टायगरविरुद्ध होती, तर कायद्याच्या दृष्टीने टायगरचीही एक तक्रार होतीच! कुत्रा बेवारस असेल तर गोष्ट निराळी. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. नगरपालिकेकडे सर्वांच्या सह्यांनिशी लेखी अर्ज करावा.

आमच्याकडे पोलीस चौकीपर्यंत जावे लागले नाही. आई, मी आणि ज्यांची मांजरे गेली त्या दोन्ही घरच्या बायका काकांकडे गेलो. भांडायला न जाता, तारखा आणि वेळा एका कागदावर लिहून नेल्या. सगळे हल्ले रात्री नऊ ते अकरा या वेळातले होते, हे कागदावर पाहिल्यावर काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझे गुडघे गेले आहेत. याला फिरवायला घरात कोणी नाही. म्हणून रात्री सोडतो." आमच्यापैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते. आता आळीतले दोघे तरुण पाळीपाळीने टायगरला टेकडीपर्यंत नेतात. त्यांतला एक, औषधाची चौकशी करणाऱ्यांपैकीच आहे. रात्रीचे सोडणे बंद झाले, फाटकाला जाळी लागली. तेव्हापासून सात महिन्यांत एकही मांजर गेले नाही. मनी मात्र अजून अंगणात उतरत नाही, आणि मेलेल्या दोन मांजरांची भरपाई कशानेच झालेली नाही. त्यांतले एक, एकट्या राहणाऱ्या आजींचे होते. त्या अजूनही काकांशी बोलत नाहीत, आणि त्यांना तसा अधिकार आहे.

तात्पर्य, कुत्र्याला दुष्ट म्हणून विष घालणे आणि जातीचाच स्वभाव म्हणून सोडून देणे, हे दोन्ही एकाच आळसाचे प्रकार आहेत. दोन्हींत माणसाला काही करावे लागत नाही. कुत्रा शिकार करणे एका दिवसात विसरणार नाही. पण फाटकाची कडी लावणे, पट्टा हातात धरणे आणि शेजाऱ्याचे दार वेळेवर ठोठावणे, ही कामे त्याची नव्हेत, आपली आहेत.

— तृतीय वर्ष कला (मानसशास्त्र)