विधेयकांची मोट : वित्त अधिनियम २०१७ आणि दुसऱ्या सभागृहाचे स्थान

प्रास्ताविक

मनमाडच्या महाविद्यालयीन वर्गात रेल्वेत नोकरी असलेल्या घरांतील मुले नेहमीच असतात. तृतीय वर्ष कला शाखेस संसदीय कार्यपद्धती शिकविताना त्यांपैकी एकाने विचारले, "सर, रेल्वे दर न्यायाधिकरण दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन करायचे, तर रेल्वेचा कायदा बदलायला हवा. तो बदल कराच्या विधेयकात कसा आला?" पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न होय.

परस्परांशी संबंध नसलेले अनेक प्रस्ताव एकाच विधेयकात गुंफून ते एकगठ्ठा संमत करून घेण्याच्या पद्धतीस 'ओम्निबस विधेयक' म्हणतात. 'सर्वांसाठी' असा अर्थ असलेल्या या लॅटिन शब्दाचेच शेपूट म्हणजे आपली 'बस'. मराठीत यासाठी 'मोट बांधणे' हा वाक्प्रचार अधिक नेमका वाटतो, कारण मोटेत काय काय बांधले आहे हे ती सोडल्याखेरीज दिसत नाही.

अमेरिकी अनुभव

या पद्धतीचे अभ्यासात नेहमी येणारे उदाहरण १८५० सालचे आहे. कॅलिफोर्नियाला राज्याचा दर्जा, न्यू मेक्सिको व युटा यांची व्यवस्था आणि टेक्सासची सीमा हे गुलामगिरीच्या वादाने अडलेले प्रश्न सिनेटर हेन्री क्ले यांच्या पुढाकाराने एका विधेयकात आणले गेले. प्रत्येक गटाला काहीतरी मिळेल, म्हणून प्रत्येक गट संपूर्ण विधेयकास मत देईल, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलटे घडले. ज्याला एक कलम नको होते त्याने सारे विधेयकच नाकारले, आणि ३१ जुलै १८५० रोजी ती मोट सुटली. पुढे स्टीफन डग्लस यांनी तेच विषय सुट्या विधेयकांच्या रूपाने मांडले व दरवेळी वेगळे बहुमत जमवून सप्टेंबरपर्यंत संमत करून घेतले.

एकत्रीकरणाने पाठिंब्याची बेरीज होते तशी विरोधाचीही होते, हे यावरून दिसते. मग भारतात ही पद्धती यशस्वी का ठरते?

भारतीय रचनेतील वेगळेपण

अमेरिकेत मोट ही देवघेवीची असते, कारण तेथील सदस्याचे मत त्याच्या हाती असते. आपल्याकडे १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनंतर पक्षादेशाविरुद्ध मतदान करणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. त्यामुळे सदस्यागणिक सौदा करण्याचे कारणच उरत नाही. लोकसभेत बहुमत असलेल्या सरकारला खरी अडचण येते ती राज्यसभेत, आणि ती दूर करण्याची किल्ली संविधानाच्या अनुच्छेद १०९ व ११० मध्ये आहे.

धन विधेयक राज्यसभेला नाकारता येत नाही. चौदा दिवसांत शिफारशींसह वा शिफारशींविना ते परत करावे लागते आणि शिफारशी स्वीकारण्याचे बंधन लोकसभेवर नसते. अनुच्छेद ११० प्रमाणे 'केवळ' कर, कर्ज, संचित निधी इत्यादी विषय व त्यांस आनुषंगिक बाबी असलेले विधेयकच धन विधेयक होय. विधेयक धन विधेयक आहे की नाही, याबाबत लोकसभाध्यक्षांचा निर्णय अंतिम मानलेला आहे. सारा वाद या 'केवळ' शब्दाभोवती फिरतो.

दोन सभागृहांतील मतभेद मिटविण्यासाठी अनुच्छेद १०८ मध्ये संयुक्त बैठकीची सोय आहे. १९६१ (हुंडाबंदी), १९७८ (बँकिंग सेवा आयोग निरसन) व २००२ (दहशतवाद प्रतिबंधक कायदा) अशी ती तीनदाच वापरली गेली. तो मार्ग उघड आहे. त्यात विरोधाची नोंद राहते. मोटेच्या मार्गात ती फारशी राहत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर अशा मोटेची निकड कमी आहे. विधान परिषद सर्वसाधारण विधेयक प्रथम तीन महिने व विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर आणखी एक महिना, एवढेच अडवू शकते (अनुच्छेद १९७). परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधरांच्या व सात शिक्षकांच्या आहेत. आपण प्राध्यापक ज्या सभागृहासाठी मतदान करतो, त्याचा अडथळा मुळातच चार महिन्यांचा आहे. राज्यसभेचा तसा नाही, म्हणून तिला वळसा घालण्याचा मोहही मोठा.

वित्त अधिनियम २०१७

१ फेब्रुवारी २०१७ रोजी अरुण जेटली यांनी सादर केलेला अर्थसंकल्प रेल्वेचाही होता. १९२४ पासूनची स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पाची प्रथा त्या वर्षी संपली. (हे विलीनीकरण व पुढे वर्णिलेली मोट यांची गल्लत विद्यार्थी हमखास करतात, दोहोंचा परस्परसंबंध नाही.) अर्थसंकल्पासोबतच्या वित्त विधेयकात मार्चमध्ये, लोकसभेतील चर्चेच्या अखेरच्या टप्प्यावर, सरकारी दुरुस्त्यांची मोठी भर पडली आणि विधेयकाने स्पर्श केलेल्या कायद्यांची संख्या सुमारे ४० झाली.

आयकर विवरणपत्र व पॅनसाठी आधार क्रमांक सक्तीचा झाला. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरील, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली. निवडणूक रोख्यांसाठी रिझर्व्ह बँक व लोकप्रतिनिधित्व कायद्यांत बदल झाले. न्यायाधिकरणांच्या बाबतीत तर संपूर्ण पुनर्रचनाच झाली. रेल्वे दर न्यायाधिकरण रेल्वे दावे न्यायाधिकरणात गेले, कॉपीराइट मंडळ बौद्धिक संपदा अपील मंडळात गेले. विनाअनुदानित संस्थांना ज्या कायद्याखाली भविष्यनिर्वाह निधी भरावा लागतो, त्यातील अपिले औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेली. सदस्यांची पात्रता, नेमणूक व सेवाशर्ती ठरविण्याचा अधिकार कलम १८४ ने केंद्र सरकारला दिला.

यांतील काही बदल स्वतंत्रपणे समर्थनीय असतीलही. लहान न्यायाधिकरणे एकत्र करणे गैर नाही. आक्षेप आहे तो त्यावर स्वतंत्र विचार न होण्याला. वित्त विधेयकास मुदतीचाही रेटा असतो : तेव्हा लागू असलेल्या १९३१ च्या कायद्याप्रमाणे अर्थसंकल्पाबरोबर तात्काळ अमलात आलेल्या करांना ७५ दिवसांत कायद्याचे रूप मिळणे आवश्यक होते. कर अडवून न्यायाधिकरणांवर वाद घालणे कोणत्याही विरोधी पक्षाला परवडणारे नव्हते. राज्यसभेने २९ मार्च २०१७ रोजी पाच दुरुस्त्या सुचविल्या. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने त्या फेटाळल्या.

न्यायालयीन परीक्षण

आधार कायदाही २०१६ मध्ये धन विधेयक म्हणूनच संमत झाला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते मान्य केले, तर न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमतपत्रात तीव्र आक्षेप नोंदविला. १३ नोव्हेंबर २०१९ च्या रॉजर मॅथ्यू निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कलम १८४ खालील नियम रद्द ठरविले, आणि न्यायाधिकरणविषयक भाग धन विधेयकातून संमत होऊ शकतो काय, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरली, ती मतदाराच्या माहितीच्या अधिकारावरून; धन विधेयकाच्या मुद्द्यावरून नव्हे.

तुलनेसाठी २०२३ चा जनविश्वास अधिनियम पाहता येतो. त्यानेही ४२ कायदे एकदम बदलले. परंतु किरकोळ अपराधांच्या शिक्षा सौम्य करणे हे त्याचे एकच सूत्र होते, ते ३१ सदस्यांच्या संयुक्त समितीपुढे गेले आणि राज्यसभेला ते नाकारण्याचा पूर्ण अधिकार होता. तेव्हा मोटेचा आकार हा दोष नव्हे; आतल्या वस्तूंना बांधणारे सूत्र आहे की नुसता दोर, हे पाहावे लागते.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाशी संबंधित एक तपशील राहिला. २०१७ मध्ये ज्या बौद्धिक संपदा अपील मंडळात कॉपीराइट मंडळ विलीन केले गेले, ते मंडळच एप्रिल २०२१ च्या अध्यादेशाने रद्द झाले. लेखक-प्रकाशकांचे जे तंटे चार वर्षांपूर्वी तेथे पाठविले होते, त्यांना पुन्हा नवा पत्ता शोधावा लागला.