चाबकाचं नाव, मानेचं दुखणं

१९२८ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अस्थिशल्यविशारदांची एक परिषद भरली होती. तिथे हॅरोल्ड क्रो या डॉक्टरांनी अपघातात मान दुखावलेल्या आठ रुग्णांची हकिगत मांडली. धडक बसली, डोकं हिसकलं गेलं आणि मान धरली, अशा या केसेस होत्या. ती हालचाल कशी झाली हे सांगताना क्रो यांनी ‘व्हिपलॅश’, म्हणजे चाबकाचा फटकारा, हा शब्द वापरला. शब्द चटकन डोळ्यांपुढे चित्र उभं करणारा होता. १९५३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात गे आणि अॅबट या दोन डॉक्टरांनी ‘व्हिपलॅश’वर लेख लिहिला आणि तिथून तो दवाखान्यांत, विमा कचेऱ्यांत, कोर्टांत सगळीकडे पोहोचला. क्रो यांना मात्र याचा आनंद झाला नाही. १९६४ मध्ये त्यांनी आपल्याच या शब्दाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आपण फक्त हालचालीचं वर्णन केलं होतं. डॉक्टर, रुग्ण आणि वकील या सगळ्यांनी ते रोगाचं नाव करून टाकलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

क्रो यांची खंत रास्त होती. पण आज शरीरशास्त्राने जे दाखवून दिलं आहे ते पाहिलं, तर त्या शब्दात हालचालीचं वर्णनही बरोबर उतरलेलं नाही.

चाबकाचं काम कसं चालतं ते आधी पाहू. कडकलक्ष्मी घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोतराजाच्या हातातला कोरडा ज्यांनी जवळून पाहिला असेल त्यांना त्याची घडण आठवेल. मुठीशी तो जाड असतो आणि पुढे निमुळता होत होत टोकाला अगदी बारीक होतो. हाताने झटका दिला की दोरात एक वेटोळं तयार होतं आणि ते टोकाकडे धावत सुटतं. पुढे पुढे दोराचं वजन कमी होत जातं, ऊर्जा मात्र तेवढीच राहते. म्हणून वेग वाढत जातो. शेवटी तो ध्वनीच्या वेगालाही मागे टाकतो, म्हणजे ताशी बाराशे किलोमीटरच्या पुढे जातो. आपल्याला जो ‘फाट्’ असा आवाज ऐकू येतो तो अंगावर फटका बसल्याचाच असतो असं नाही; हवेत नुसता चाबूक उडवला तरी तो येतो. ध्वनीपेक्षा वेगवान विमान जाताना जो धमाका होतो, त्याच जातीचा हा आवाज. अॅरिझोना विद्यापीठातल्या अलँ गोरिएली आणि टायलर मॅकमिलेन यांनी २००२ मध्ये गणिताने दाखवलं की हा आवाज मुळात त्या धावत्या वेटोळ्यामुळे होतो.

सगळी करामत टोक हलकं असण्यात आहे. मानेच्या टोकाला काय आहे? साडेचार-पाच किलोचं डोकं. म्हणजे चाबकाच्या अगदी उलट रचना.

सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून दुसरी गाडी ठोकते तेव्हा आसनाची पाठ आपल्या धडाला पुढे ढकलते. डोकं जड, त्यामुळे ते सुरुवातीला असतं तिथेच राहतं आणि धड त्याच्या खालून पुढे निसटतं. एसटी अचानक सुटली की दांडी न धरलेला माणूस मागे कलंडतो, तोच हा प्रकार. फक्त इथे तो सात मणक्यांच्या उंचीत आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शात घडतो. येल विद्यापीठातले मनोहर पंजाबी हे भारतीय वंशाचे यांत्रिकी तज्ज्ञ. त्यांच्या गटाने १९९७ मध्ये मृतदेहांतून घेतलेल्या मानेच्या मणक्यांना प्रयोगशाळेत असेच धक्के दिले आणि त्यांची हालचाल मोजली. तेव्हा दिसलं की मान मागे झुकण्याआधी क्षणभर ती इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी दुहेरी वळते. खालचे मणके मागे वाकतात, त्याच वेळी वरचे पुढे. रोजच्या हालचालींत मान सहसा अशी वळत नाही. इजा होण्याचा धोका याच क्षणी जास्त असतो, डोकं मागे फेकलं जाण्याच्या आधी.

त्याहून बारकाईने पाहिलं ते जपानी संशोधकांनी. कानेओका, ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा निरोगी पुरुषांना उतारावरून घसरणाऱ्या आसनावर बसवलं, ताशी अवघ्या चार किलोमीटर वेगाने धक्का दिला आणि तो चालू असताना मानेची क्ष-किरण चित्रफीत घेतली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गोष्ट स्पष्ट दिसली. मणक्यांच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे छोटे जोडसांधे असतात. आपण मान मागे नेतो तेव्हा या सांध्यांचे पृष्ठभाग एकमेकांवरून सरकतात. धक्क्याच्या वेळी मात्र वरचा मणका ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदूच वर सरकला. त्यामुळे पृष्ठभाग सरकण्याऐवजी मागच्या कडेने एकमेकांवर आदळू लागले. सांध्याच्या आतल्या नाजूक पडद्याची घडी अशा वेळी चिमटली जाऊ शकते. आणि हे सगळं आपण रमतगमत चालतो त्या वेगाला! मानेचे स्नायू आवळून डोकं सावरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हे उरकलेलंही असतं.

ही दुखापत साध्या क्ष-किरण फोटोत दिसत नाही, बहुतेक वेळा एमआरआयमध्येही नाही. रुग्णाचं सगळ्यात मोठं दुःख हेच. मान दुखते, डोकं दुखतं, रात्री कूस बदलता येत नाही, आणि रिपोर्ट म्हणतो ‘नॉर्मल’. मग घरातले, ऑफिसातले, कधी कधी डॉक्टरही संशयाने बघायला लागतात.

हा संशय जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रेल्वे अपघातातून वरवर धडधाकट सुटलेली माणसं नंतर पाठदुखी, थरथर, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन येऊ लागली. लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये यावर व्याख्यानं प्रसिद्ध केली. मज्जारज्जूला हादरा बसल्यामुळे हे होतं, असं त्यांचं मत होतं. लोक याला ‘रेल्वे स्पाइन’ म्हणू लागले. भरपाईचे दावे कोर्टात गेले आणि डॉक्टरांचे दोन तट पडले. रेल्वे कंपनीचे शल्यविशारद हर्बर्ट पेज यांनी १८८३ च्या पुस्तकात उलट बाजू मांडली की या तक्रारींमागे मुख्य कारण भीतीचा धक्का आहे. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स या वादापासून दूर असले तरी त्या अनुभवातून गेलेले होते. ९ जून १८६५ रोजी केंटमधल्या स्टेपलहर्स्टला त्यांची गाडी पुलावरून घसरली. दहा माणसं गेली. डिकन्स यांना जखम झाली नाही. त्यांनी जखमींना पाणी दिलं, धीर दिला. पण त्यानंतर आगगाडीत बसलं की त्यांना कापरं भरायचं. पाच वर्षांनी, ९ जूनलाच, त्यांचं निधन झालं.

‘व्हिपलॅश’च्या वाट्याला तोच वाद आला, फक्त आगगाडीच्या जागी मोटार आली. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिथुआनियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे त्या काळी फार थोड्यांकडे अशा दुखापतीचा विमा होता आणि या दुखण्याने माणूस कायमचा अधू होतो अशी धास्तीही नव्हती. मागून धडक बसलेल्या २०२ जणांना एक ते तीन वर्षांनी गाठलं, तर त्यांच्या मानदुखीचं प्रमाण इतर लोकांपेक्षा विशेष वेगळं नव्हतं. यावर टीका झाली, कारण त्या सगळ्यांना सुरुवातीला तरी दुखापत झाली होती का, हेच स्पष्ट नव्हतं. म्हणून तिथल्याच संशोधकांनी पुढचा अभ्यास अपघातापासून सुरू केला. २१० जणांपैकी जवळपास निम्म्यांची मान दुखली, आणि ते दुखणं जास्तीत जास्त १७ दिवस टिकलं. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात १९९५ पासून विम्याची पद्धत बदलली. दोष कोणाचा हे न पाहता भरपाई मिळू लागली आणि वेदनांसाठी वेगळे पैसे मिळणं बंद झालं. त्यानंतर दाव्यांचं प्रमाण २८ टक्क्यांनी उतरलं. जर्मनीत तर ५१ स्वयंसेवकांना धडक बसल्याचा नुसता आभास दिला, मानेवर ताण येईल असा धक्का दिलाच नाही. तरी तीन दिवसांत त्यांतल्या ९ जणांना त्रास जाणवला.

यावरून ‘सगळी नाटकं आहेत’ असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो मुळीच मान्य नाही, आणि त्याला ठोस कारण आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये निकोलाय बॉगडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातानंतर दीर्घकाळ मान दुखणारे २४ रुग्ण घेतले. त्याच जोडसांध्यांतून वेदना येते हे सुन्न करणाऱ्या इंजेक्शनांनी आधी पक्कं केलं. मग १२ जणांच्या सांध्याची वेदना वाहून नेणारी बारीक नस उष्णतेने निकामी केली. उरलेल्या १२ जणांवर सगळी प्रक्रिया तशीच केली, पण सुई तापवली नाही. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. खरा उपचार मिळालेल्या गटात वेदना निम्म्यावर परतायला २६३ दिवस लागले, दुसऱ्या गटात ८. हे मधले आकडे आहेत. वेदना नुसती मनाची असती तर न तापलेली सुईही तेवढीच लागू पडली असती.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सांधा दुखावतो हे खरं, आणि ते दुखणं किती दिवस मुक्काम ठोकेल हे भीती, अपेक्षा, झोप, कोर्टकचेरी यांवरही ठरतं हेही खरं. वेदना तयार होते मेंदूत. मेंदू मानेकडून येणारा संदेश आणि ‘आता आपलं काही खरं नाही’ ही धास्ती वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवत नाही. दुखण्याला चाबकाचं नाव दिलं की धास्तीला खतपाणी मिळतं. आपल्याकडे ‘मानेला हिसका बसला’ म्हणतात. मला हे जास्त नेमकं वाटतं.

‘व्हिपलॅश’ या शब्दाची पुढची वाटचाल मात्र थांबलेली नाही. डेमियन शझेल यांचा २०१४ चा ‘व्हिपलॅश’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यात ढोलवादक मुलगा ज्या अवघड रचनेवर रक्त आटवतो तिचंच हे नाव, रचनाकार हँक लेव्ही. व्यापारशास्त्रात याचा जवळचा भाऊबंद आहे, ‘बुलव्हिप परिणाम’. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लंगोटांच्या विक्रीत तो लक्षात आला. बाळं रोज जवळपास सारखेच लंगोट वापरतात, दुकानातली विक्रीही फारशी हलत नाही, पण दुकानदार, वितरक, कारखाना असं मागे जावं तसतसे ऑर्डरचे आकडे वेडेवाकडे उसळतात. इथे उपमा चपखल बसते, कारण छोटा झटका खरोखरच पुढे मोठा होत जातो. हवामानशास्त्रज्ञ कोरड्या दुष्काळातून थेट अतिवृष्टीत होणाऱ्या उडीला ‘व्हिपलॅश’ हाच शब्द वापरतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा धरण भरलं. मराठवाड्याला हा झटका शब्दकोशातून शिकावा लागला नाही.

पुन्हा मानेकडे येऊ. क्वेबेकमधल्या तज्ज्ञगटाने १९९५ मध्ये या दुखापतीच्या पायऱ्या ठरवल्या. पहिलीत नुसतं दुखणं आणि आखडणं. दुसरीत हालचाल कमी होते आणि दाबल्यावर ठरावीक जागी दुखतं. तिसरीत नसांची लक्षणं दिसतात, म्हणजे हाताला मुंग्या येणं, बधिरपणा, ताकद कमी होणं. चौथीत हाड मोडलेलं किंवा निखळलेलं असतं. तिसरी-चौथी म्हणजे वेळ न दवडता रुग्णालय. अपघातस्थळी माणसाला मान हलवता येत नसेल, हातपाय बधिर असतील, तर त्याला ओढून रिक्षात घालू नये. बहुसंख्य लोक पहिल्या दोन पायऱ्यांवर असतात, आणि त्यांच्यासाठी त्या गटाचा सल्ला तेव्हाच्या समजुतीला धक्का देणारा होता: मान फार दिवस बांधून ठेवू नका, सोसेल तितकी हलवा, नेहमीच्या कामाला लागा. आपल्याकडे अजूनही गळ्यात पट्टा घालून महिना महिना वावरणारी माणसं दिसतात. त्या काळात स्नायू ढिले पडतात आणि मान वळवायची भीती मुरत जाते. दुखणं अनेकदा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतं, त्यामुळे धडकेनंतर लगेच बरं वाटलं म्हणून निर्धास्त होऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी दुखलं म्हणून घाबरूनही जाऊ नये.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हिसका बसलेली मान घेऊन सलूनमध्ये जाऊन ती कडाकड मोडून घेऊ नका. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या असतात. अचानक दिलेल्या पिळाने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून तरुण माणसालाही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो.

आणि गाडीतली ती उशी. तिला आपण ‘हेडरेस्ट’ म्हणतो, म्हणून ती डोकं टेकून झोपायला दिली आहे असा समज पसरला आहे. अमेरिकेत १९६९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली ती धड पुढे जाताना डोकंही सोबत पुढे जावं, मानेला ‘एस’ होण्याची उसंत मिळू नये म्हणून. १९९७ मध्ये साब कंपनीने धडकेच्या क्षणी आपोआप वर आणि पुढे सरकणारी उशी आणली. पुढच्याच वर्षी व्होल्वोने धडाबरोबर मागे सरकून झटका शोषणारं आसन आणलं. आपल्या साध्या गाडीतली उशीही पुष्कळ काम करते, पण ती जागेवर असेल तर. बहुतेक गाड्यांत ती शोरूममधून आली तशी सगळ्यात खालच्या खाचेत बसलेली असते, म्हणजे उंच माणसाच्या मानेच्या मागे. बाजूची कळ दाबून ती वर ओढायची, वरची कड माथ्याच्या रेषेत आणायची, आणि डोकं व उशी यांत चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर राहणार नाही अशी आसनाची पाठ सरळ करायची. मागच्या सीटवर बसणाऱ्यांच्या उशाही तशाच वर करून घ्यायच्या.