जुन्या जीपचं इंजिन स्टँडवर चढवताय? आधी हे वाचा

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं प्रतापगड महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ओळखलं जातं. जवळच नवेगावबांधचं जंगल. अशा भागात एखाद्या वाड्यामागच्या शेडमध्ये आजोबांच्या काळातली पेट्रोल जीप किंवा 'पद्मिनी' धूळ खात उभी दिसली, तर नवल नाही. घरातल्या कुणाला तरी वाटतं, ही गाडी पुन्हा सुरू करू. व्हिडिओ बघून इंजिन खाली उतरवलंही जातं. खरा प्रश्न त्यानंतर येतो: हा लोखंडाचा गोळा आता ठेवायचा कशावर आणि कसा?

इंजिन जपायचं कशासाठी?

पहिलं कारण माणसाच्या जिवाचं. लोखंडी ब्लॉकच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं वजन दीडशे किलोच्या आसपास सहज जातं. ते घसरलं तर हाताने थोपवता येत नाही. थोपवायला गेलेला हातच जायबंदी होतो.

दुसरं कारण कागदपत्रांचं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात असेल, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तर तिची 'व्हीए' अक्षरांच्या मालिकेत नोंदणी करता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. म्हणजे मूळ इंजिन ही त्या गाडीची ओळखच. ब्लॉक पडून फुटला, तर नुसता सुटा भाग गेला असं म्हणून भागत नाही.

स्टँड म्हणजे नेमकं काय?

खाली चाकांची लोखंडी चौकट, त्यावर उभा खांब आणि खांबाच्या डोक्याला फिरणारी प्लेट. प्लेटला चार सरकते हात असतात. गिअरबॉक्स जिथे जोडलेला असतो, त्या इंजिनाच्या मागच्या बाजूच्या भोकांत या हातांचे बोल्ट बसतात. म्हणजे घराच्या सज्जासारखं इंजिन फक्त एका बाजूने धरलेलं आणि बाकी अधांतरी.

इथेच खरी मेख आहे. समजा, इंजिन १५० किलोचं आहे आणि त्याचा वजनाचा मध्य प्लेटपासून ४० सेंटिमीटर पुढे आहे. वरचे आणि खालचे बोल्ट एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर आहेत. मग वरच्या दोन बोल्टवर मिळून येणारी ओढ होते १५० गुणिले ४० भागिले २०, म्हणजे ३०० किलो. इंजिनाच्या वजनाच्या दुप्पट! म्हणून स्टँड घेताना त्याची क्षमता इंजिनाच्या वजनाच्या किमान दुप्पट असावी. तीन चाकांचा स्टँड स्वस्त मिळतो, पण तो कलंडतो लवकर. शक्य असेल तर चार चाकांचाच घ्यावा.

बोल्ट कोणते वापरायचे?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपच्या इंजिनाला इंची आट्यांचे बोल्ट लागतात. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी मूळची फियाट, त्यामुळे तिच्या १,०८९ सीसी इंजिनाला मिलिमीटरचे. तीन सुती बोल्ट साडेनऊ मिलिमीटरचा असतो. तो १० मिलिमीटरच्या भोकात शिरतो, थोडा आवळल्यासारखाही वाटतो. पण वजन आलं की आटे सोलवटतात. म्हणून इंजिनातून निघालेला मूळ बोल्ट नमुन्याला घेऊन दुकानात जायचं.

मिलिमीटरच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा त्याहून मोठा आकडा हवा. इंची बोल्टच्या डोक्यावर तीन किंवा सहा रेघा हव्यात. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट या कामाचा नाही. बोल्ट आत किती जायला हवा? जाडीच्या दीडपट. १० मिलिमीटरचा बोल्ट किमान १५ मिलिमीटर आट्यांत बसला पाहिजे. भोकांत गंज-माती असेल तर आधी साफ करायची.

चढवायचं कसं?

१. इंजिन उतरवण्याआधीच बॅटरी सोडा, पेट्रोलची नळी बंद करा. ऑइल आणि रेडिएटरचं पाणी काढून टाका.

२. उचलायला इंजिन क्रेन किंवा भक्कम लोखंडी तिवईला लावलेला चेनपुली ब्लॉक वापरा. टिनाच्या शेडची कैची किंवा अंगणातल्या झाडाची फांदी या कामासाठी नाही. फांदी मोडायच्या आधी सांगत नाही.

३. साखळी इंजिनाच्या उचलायच्या कड्यांना किंवा ब्लॉकच्या मजबूत बोल्टना लावा. कार्बोरेटर, मॅनिफोल्ड किंवा डिस्ट्रिब्युटरला दोर गुंडाळू नका.

४. इंजिन लटकलेलं असतानाच क्लच आणि फ्लायव्हील काढा. ते जागेवर असेल तर स्टँडचे हात बसत नाहीत. फ्लायव्हील जड असतं, एकाने धरावं, दुसऱ्याने बोल्ट सोडावेत. या वेळी इंजिनाखाली कुणाचाही हात-पाय नको.

५. प्लेट स्टँडमधून बाहेर काढून आधी इंजिनाला लावा. चारही बोल्ट हाताने बसवा, मग कोपऱ्याला कोपरा असे आवळा. प्लेटचा फिरणारा मध्य इंजिनाच्या वजनाच्या मध्याशी जुळायला हवा, नाहीतर इंजिन फिरवताना झटक्यात उलटतं.

६. आता प्लेटचा दांडा स्टँडच्या नळीत सरकवा, फिरणं रोखणारी पिन घाला. साखळी एकदम सोडू नका. थोडी ढिली करा आणि दोन मिनिटं बघा. प्लेट वाकतेय का, बोल्टजवळ फट पडतेय का? सगळं ठीक असेल तरच साखळी काढा.

जमीन मातीची असेल तर?

खेड्यातल्या बऱ्याच शेडमध्ये ही अडचण असते. स्टँडची चाकं लहान असतात, मातीत रुततात आणि एक चाक रुतलं की स्टँड कलंडतो. काँक्रीटचा कोबा सगळ्यात उत्तम. तो नसेल तर जाड लोखंडी पत्रा सपाट टाका आणि इंजिन चढल्यावर स्टँड जागचा हलवू नका. हलवावाच लागला तर इंजिन सरळ ठेवून, खालून धरून, हळू ढकला. उंबरठ्यावरून तर अजिबात नेऊ नका.

या तीन चुका टाळा

पहिली, ऑइल पॅन न काढता इंजिन उलटं करणं. कित्येक वर्षांचा तळाचा गाळ त्यामुळे क्रँक आणि सिलिंडरकडे उतरतो. दुसरी, या स्टँडवर इंजिन सुरू करून बघणं. फिरत्या प्लेटचा स्टँड त्यासाठी बनलेला नाही, चाचणीचा स्टँड वेगळा असतो. तिसरी, पार्ट मिळेपर्यंत इंजिन महिनोन्महिने तसंच लटकत ठेवणं. नागपूरहून गॅस्केट यायला वेळ लागणार असेल, तर इंजिन खाली घेऊन लाकडी चौकटीवर ठेवा आणि सिलिंडरच्या तोंडावर ऑइलचा हात फिरवून कापड झाका.

आणि शेवटचं. हे काम एकट्याचं नाही. किमान दोघं हवेत. इंजिन सटकलंच, तर ते पकडायला जायचं नाही, मागे सरायचं, हे दोघांनी काम सुरू करण्याआधीच ठरवून घ्यावं.