व्हर्जिलचे बिनपगारी वाचक

इसवी सनापूर्वी 29 साल. अ‍ॅक्टियमची लढाई जिंकून रोमकडे परतणारा ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस, घशाच्या दुखण्यामुळे अटेला नावाच्या गावी मुक्कामाला थांबला होता. तिथे व्हर्जिलने त्याला ‘जॉर्जिक्स’ हे शेतीविषयीचे काव्य लागोपाठ चार दिवस वाचून दाखवले. कवीचा आवाज बसला की त्याचा आश्रयदाता मायकेनास पुढचा भाग वाचायला घेई. डोनेटसने लिहिलेल्या व्हर्जिलच्या चरित्रात ही हकिगत आहे. त्याच चरित्रात ज्यूलियस मोंटॅनस या दुसऱ्या एका कवीचे म्हणणेही नोंदवले आहे: व्हर्जिलचा आवाज आणि वाचण्याची धाटणीही चोरता आली असती, तर आपण त्याच्याकडून काही चोरले असते, कारण तो वाचतो तेव्हा ज्या ओळी सुरेख वाटतात, त्याच त्याच्याविना पोकळ आणि मुक्या होतात.

त्या ओळींना पुन्हा कंठ मिळवून देण्याचे काम आज काही लोक आपापल्या घरी बसून, एक पैसाही न घेता करतात. त्यांचे एकत्र येण्याचे मोठे ठिकाण म्हणजे ‘लिब्रिव्हॉक्स’. कॅनडातल्या माँट्रियल शहरात ह्यू मॅग्वायर या लेखकाने ऑगस्ट 2005 मध्ये ते सुरू केले. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके स्वयंसेवकांनी वाचायची, ध्वनिमुद्रित करायची आणि जगाला फुकट द्यायची, एवढाच बेत होता. पहिले पुस्तक होते जोसेफ कॉनरॅडची ‘द सीक्रेट एजंट’ ही कादंबरी. वेगवेगळ्या माणसांनी तिची प्रकरणे वाटून घेतली. आज संग्रह वीस हजार ध्वनिपुस्तकांच्या आसपास आहे. फायली ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर ठेवल्या जातात. वाचणाराही आपल्या मुद्रणावर कोणताच हक्क राखत नाही. कुणी ते उतरवून घेतले, कापले, अगदी विकले तरी चालते.

संग्रहातला फार मोठा भाग इंग्रजी आहे. लॅटिनचे दालन त्या मानाने लहान, पण तिथे शिरणाऱ्याला जे प्रश्न पडतात ते कॉनरॅड वाचणाऱ्याला पडत नाहीत.

पहिला प्रश्न संहितेचा. व्हर्जिलवर कुणाचा हक्क असणार, असे वाटते. पण हस्तलिखिते ताडून, पाठभेद निवडून सिद्ध केलेली आधुनिक आवृत्ती हे संपादकाचे काम असते आणि त्यावर त्याचा हक्क असू शकतो. अमेरिकी कायद्यानुसार जुन्या प्रकाशित पुस्तकांना प्रकाशनापासून 95 वर्षे संरक्षण मिळते आणि लिब्रिव्हॉक्स तोच कायदा पाळते. त्यामुळे ऑक्सफर्डची 1969 ची मायनर्स यांची आवृत्ती अभ्यासकांच्या हाती असली, तरी ध्वनिमुद्रणासाठी त्याच मालिकेतली 1900 सालची हर्ट्झेल यांची किंवा अमेरिकेतली ग्रीनो यांची आवृत्ती घेणे बिनधोक. भाषांतरांचेही तसेच. व्हर्जिलच्या ‘इनिड’ या महाकाव्याचे जॉन ड्रायडनने केलेले 1697 चे इंग्रजी भाषांतर संग्रहात आहे. रॉबर्ट फेगल्स यांच्या 2006 च्या भाषांतराला पुष्कळ वर्षे थांबावे लागेल.

दुसरा प्रश्न उच्चाराचा. ज्या भाषेला आज जन्मजात बोलणारा कुणीच नाही, ती वाचायची कशी? रोमचा प्रसिद्ध वक्ता शाळेतल्या इंग्रजी पद्धतीने ‘सिसेरो’, चर्चच्या इटालियन वळणाने ‘चिचेरो’, जर्मन परंपरेत ‘त्सित्सेरो’ आणि विद्वानांनी पुनर्रचित केलेल्या उच्चारात ‘किकेरो’ असतो. पुनर्रचनेला आधार भक्कम आहेत. ग्रीकांनी हे नाव ‘क’ अक्षराने लिहिले. ‘सीझर’वरून आलेल्या जर्मन ‘कायझर’मध्ये तो ‘क’ टिकून आहे. रोमन व्याकरणकारांची वर्णने आहेत, पाँपेईच्या भिंतींवर अर्धशिक्षितांनी केलेल्या शुद्धलेखनाच्या चुका आहेत. इरॅस्मसने 1528 मध्येच या विषयावर एक संवादग्रंथ लिहिला होता. डब्ल्यू. सिडनी अ‍ॅलन यांचे 1965 चे ‘व्हॉक्स लॅटिना’ हे पुस्तक आजही अनेक वाचकांच्या हाताशी असते. पण गोव्यातल्या राशोलच्या सेमिनरीत किंवा रोममध्ये चर्चची लॅटिन शिकलेल्या माणसाच्या जिभेवर ‘चिचेरो’च बसलेला असतो, आणि त्या उच्चाराचीही परंपरा शतकानुशतकांची आहे.

तिसरा प्रश्न छंदाचा, आणि इथे मराठी वाचकाला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. लॅटिन काव्य यमकावर किंवा आघातावर नाही, लघु-गुरूवर उभे आहे. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू होते, हा आपला नियम तिथेही जवळजवळ तसाच लागतो. महाकाव्याच्या हेक्झॅमीटर छंदात ओळीचे सहा गण असतात. पहिल्या चार जागी गुरु-लघु-लघु, म्हणजे आपला भ-गण, किंवा त्याऐवजी दोन गुरू चालतात. पाचव्या जागी बहुधा भ-गणच येतो आणि सहावा गण दोन अक्षरांचा. प्रत्येक गण चार मात्रांचा म्हणून मोरोपंतांची आर्या आठवते. मात्र आर्येत चार मात्रा अनेक तऱ्हांनी भरता येतात, इथे दोनच तऱ्हांनी. त्यामुळे ओळ साधारण 13 ते 17 अक्षरांत लहानमोठी होते, पण तिचा तोल ढळत नाही.

अडचण अशी की छापील लॅटिन मजकुरात ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा बहुधा नसतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखेच छापले आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे, असा तो मामला. शिवाय एका शब्दाचा शेवटचा स्वर पुढच्या शब्दाच्या आरंभीच्या स्वरात विरतो. अंती ‘म’ असला तरी त्याचीही तीच गत. संस्कृत श्लोकात संधी छापलेला असतो. लॅटिनमध्ये दोन्ही शब्द सुटे छापतात आणि संधी वाचकाने वाचता वाचता करायचा. त्यातून शब्दांना त्यांचा स्वतःचा आघातही असतो. ओळीच्या पूर्वार्धात तो छंदाच्या ठेक्याशी अनेकदा भांडतो, शेवटच्या दोन गणांत बहुधा जुळून येतो. ठेका ठणकावून वाचावे की आघात सांभाळून लघु-गुरू आपोआप ऐकू येऊ द्यावे, यावर पंडितांचे एकमत नाही. माइकसमोर बसलेल्या हौशी वाचकाला मात्र पहिल्याच ओळीत निर्णय घ्यावा लागतो.

यंत्राची बाजू त्या मानाने साधी आहे. एक बरा यूएसबी माइक, ऑडॅसिटीसारखे फुकट सॉफ्टवेअर आणि फ्रिजची घरघर व कुत्र्यांचे भुंकणे टाळता येईल अशी वेळ. नवा वाचक आधी एका मिनिटाचा नमुना पाठवतो. पार्श्वभूमीचा गोंगाट किती, आवाजाची पातळी ठरलेल्या 89 डेसिबलच्या जवळपास आहे का, फाइल 128 केबीपीएसची आणि एकाच चॅनेलची आहे का, हे त्यावरून कळते. प्रत्येक पुस्तकाला एक समन्वयक असतो. तो प्रकरणे वाटतो, फायली गोळा करतो. मग ‘प्रूफ लिसनर’ मजकूर समोर ठेवून सगळे ऐकतो आणि राहिलेली ओळ, दोनदा आलेले वाक्य, मध्येच पडलेली लांब शांतता टिपून कळवतो.

कष्टांचा अंदाज साध्या गणिताने येतो. ‘इनिड’च्या बारा सर्गांत सुमारे 9,900 ओळी आहेत. ओळीला सहा-सात सेकंद धरले, तर नुसते वाचन 17-18 तासांचे. अडखळणे, पुन्हा म्हणणे, संपादन, तपासणी हे सगळे त्यावर. ओव्हिडचे ‘मेटॅमॉर्फसिस’ त्याहून लांब, 15 सर्ग आणि जवळजवळ 12,000 ओळी. म्हणून कॅटुलसच्या छोट्या कविता किंवा होरेसची एखादी ओड नवख्यांना सोयीची. लिब्रिव्हॉक्सवर एकच छोटी कविता अनेकांनी वाचायची आणि सगळ्या वाचनांचे मिळून एक पुस्तक करायचे, अशी जुनी प्रथाही आहे.

संस्थेचा सर्वांत वादग्रस्त नियम मात्र तांत्रिक नाही. वाचकाने स्वतः विचारल्याशिवाय त्याच्या शैलीवर किंवा उच्चाराच्या ढंगावर टीका करायची नाही. प्रूफ लिसनर चुका सांगेल, नापसंती सांगणार नाही. इंग्रजी कादंबरीत याचा अर्थ एवढाच की स्कॉटिश, भारतीय, टेक्सासचा, सगळे ढंग चालतील. लॅटिन काव्यात गोष्ट नाजूक होते, कारण एका अक्षराचे ऱ्हस्व-दीर्घ चुकले की ओळीचा छंद मोडतो. ही चूक म्हणायची की ढंग? मोजून-मापून केलेली वाचने हवी असणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. न्यूयॉर्कचे अभिजात भाषांचे प्राध्यापक स्टीफन डाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुनर्रचित उच्चारातली ग्रीक-लॅटिन ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध केली होती. लिब्रिव्हॉक्सने ती वाट जाणूनबुजून धरली नाही. परीक्षक बसवला असता, तर बहुतेकांनी तोंडच उघडले नसते.

रोमनांना ही भीती ठाऊक होती. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने एका पत्रात चरित्रकार स्युटोनियसकडे सल्ला मागितला आहे. आपण कविता वाईट वाचतो असे त्याच्या कानावर आले होते, म्हणून मित्रांसमोर आपल्या एका मुक्त गुलामाकडून वाचून घेण्याचा त्याचा विचार होता. पण तो वाचत असताना आपण काय करायचे, गप्प बसायचे की ओठ हलवत हातवारे करायचे, हे त्याला कळेना. त्याचे काका, थोरले प्लिनी, जेवतानाही पुस्तक वाचून घेत. एकदा वाचणाऱ्याचा उच्चार चुकला, तेव्हा सोबतच्या मित्राने त्याला थांबवून ते पुन्हा म्हणायला लावले. अर्थ कळला होता ना, असे थोरल्या प्लिनींनी मित्राला विचारले. मित्र हो म्हणाला. मग तुमच्या या टोकण्यात आपल्या दहाहून अधिक ओळी वाया गेल्या, असे ते म्हणाले. लिब्रिव्हॉक्सचा नियम याहून वेगळे काही सांगत नाही.

या फुकट आवाजांचा एक अनपेक्षित उपयोगही झाला. 2015 मध्ये संशोधकांनी लिब्रिव्हॉक्सच्या इंग्रजी वाचनांतून सुमारे 1,000 तासांचा ‘लिब्रिस्पीच’ हा संग्रह तयार केला, आणि बोलणे ओळखणाऱ्या संगणक प्रणाली घडवण्यासाठी व तपासण्यासाठी तो जगभर वापरला गेला. हक्कच राखलेला नसल्यामुळे परवानगी मागण्याचा प्रश्न नव्हता. लिब्रिव्हॉक्स स्वतः मात्र यंत्राने वाचलेले पुस्तक स्वीकारत नाही. तिथे माणसाचाच आवाज लागतो.

‘इनिड’ पुरे होण्याआधीच व्हर्जिल इसवी सनापूर्वी 19 मध्ये वारला, आणि काव्यात पन्नासहून अधिक ओळी अर्ध्यावर राहिल्या. डोळ्यांनी वाचणाऱ्याला कागदावर मोकळी जागा दिसते. माइकसमोरच्या माणसाला मात्र ठरवावे लागते: उरलेल्या मात्रांइतके थांबायचे, की जणू काही उणे नाही असे पुढे जायचे. कुणी थांबेल, कुणी जाईल. लिब्रिव्हॉक्सवर एकाच पुस्तकाच्या कितीही आवृत्त्या चालतात; आधी कुणी वाचले आहे म्हणून नव्या वाचकाला परत पाठवत नाहीत. तो फक्त आपल्या वाट्याचा सर्ग निवडतो आणि एका मिनिटाचा नमुना पाठवतो.