दाराशी थबकलेला प्रकाश

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची, आज ‘भारतनेट’ म्हणविली जाणारी योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली. परंतु तंतू दाराशी आला म्हणजे जोडणी झाली, हा हिशेब आम्हांस मान्य नाही. तंतूतून येतो तो प्रकाश. संगणकास हवा विद्युत्संकेत. हे रूपांतर मीडिया कन्व्हर्टर वा तत्सम पेटीतील ट्रान्सीव्हर करतो, आणि त्यास वीज लागते. जुन्या टेलिफोनला ती तांब्याच्या तारेतूनच मिळे. काचेचा तंतू वीज वाहत नाही. शिवाय त्याचा गाभा अवघा नऊ मायक्रोमीटरांचा. जोडतोंडावर धूळ बसली तरी प्रकाश अडतो! पेटीसाठी बॅटरी, जादा ट्रान्सीव्हर व तो बदलणारा माणूस तालुक्यातच हवा. दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेल्यास ‘उद्या या’ असे किती दिवस सांगणार?